काँट्रा नाच पुकारणाऱ्यांसाठी दोन मोफत संग्रह : अवघड आकृती शिकवताना किती कामाचे?

काँट्रा हा अमेरिकेतला, जोड्यांनी मिळून करायचा सामूहिक लोकनाच. तो पुकारणाऱ्याला, म्हणजे पुढची हालचाल मोठ्याने सांगणाऱ्या कॉलरला, दोन गोष्टी लागतात : नाचाची रचना, आणि ती लोकांच्या पायांत उतरवणारे शब्द. रचना आता कुणालाही फुकट मिळते. ‘द कॉलर्स बॉक्स’ आणि ‘काँट्राडीबी’ या दोन संकेतस्थळांवर न्यू इंग्लंडच्या परंपरेतले आणि आजच्या रचनाकारांचे काँट्रा नाच शोधता येतात. शब्दांचं काय, हा या परीक्षणाचा प्रश्न. कुठलं पान दिसायला छान, कुठलं पटकन उघडतं, याला इथे फारसं महत्त्व दिलेलं नाही. शनिवारी संध्याकाळी चाळीस माणसं समोर उभी आहेत, त्यातली दहा नवी आहेत, आणि आकृती, म्हणजे नाचातली एक ठरलेली हालचाल, अवघड आहे. अशा वेळी हे संग्रह कुठवर साथ देतात, एवढंच तपासलं आहे.

ज्यांनी हा नाच फक्त पाहिलाय त्यांच्यासाठी आधी थोडं गणित. नाचणारे दोन लांब रांगांत समोरासमोर उभे राहतात आणि दोन-दोन जोड्यांची चौकडी होते. जोडीतल्या डावीकडच्याला लार्क म्हणतात, उजवीकडच्याला रॉबिन. लेफ्टचा ल, राइटचा र, एवढं सांगितलं की नव्या माणसाला पुरतं. आपल्या जोडीतला तो साथीदार, चौकडीतल्या दुसऱ्या जोडीतला वेगळ्या भूमिकेचा तो शेजारी. सुरावटीचं एक आवर्तन ६४ मात्रांचं. त्याचे चार भाग, ए-१, ए-२, बी-१, बी-२, प्रत्येकी १६ मात्रांचे. गती साधारण मिनिटाला ११० ते १२० मात्रा, म्हणजे एक आवर्तन अर्ध्या मिनिटाच्या थोडं पुढे जातं. ते संपलं की प्रत्येक जोडी एक जागा सरकून नव्या जोडीशी चौकडी करते आणि तोच क्रम पुन्हा चालतो. वाद्यं सुरू होण्याआधी कॉलर सगळा क्रम एकदा-दोनदा चालवून घेतो. तो वॉक-थ्रू. पुढे संगीतावर पुकारत राहतो आणि लोकांच्या अंगवळणी पडलं की हळूहळू गप्प होतो.

आता संग्रहांकडे.

द कॉलर्स बॉक्समध्ये हजारो नाच आहेत. नाव, रचनाकार, रांगेची मांडणी आणि आकृत्या यांवरून शोध घेता येतो. नाच ए-१ पासून बी-२ पर्यंत भागाभागाने मांडलेला असतो आणि भाषा काटेकोर असते. या काटेकोरपणाचा शिकवताना थेट फायदा होतो. हाताने उतरवलेल्या कार्डावर ‘अलमांड’ (हात धरून एकमेकांभोवती फिरणं) एवढंच असतं. इथे कुणी, कोणत्या हाताने, किती फेरे, हे सगळं दिलेलं असतं. एकच कल्पना दहा रचनाकारांनी कशी हाताळली ते शेजारी शेजारी ठेवून बघता येतं, आणि अवघड आकृतीकडे जाणारी सर्वांत सोपी वाट कोणत्या नाचात आहे ते कळतं. मर्यादा एक आहे आणि ती मान्य करायलाच हवी : रचनाकाराने परवानगी दिली नसेल तर नाच शोधात सापडतो, पण त्याची आकृतीवार मांडणी दिसत नाही. रचनाकाराच्या हक्काचा हा मान राखला जातो, ते योग्यच आहे. मात्र हव्या असलेल्या नाचासाठी कधी कधी दुसरीकडे जावं लागतं.

काँट्राडीबीचा स्वभाव वेगळा. खातं उघडून कुणीही त्यात नाच भरू शकतो, आणि भरण्याची पद्धत हेच त्याचं मोठं बळ आहे. तिथे आकृती मोकळ्या मजकुरात टंकायची नसते, घटकांतून जुळवायची असते. अलमांड निवडलं की कोण, कोणता हात, किती फेरे, किती मात्रा, हे एकेक करून ठरवावं लागतं. मॅड रॉबिन ही आकृती (ती पुढे येईलच) निवडली तर पुढून कोण जाणार ते सांगावं लागतं. वॉक-थ्रूमध्ये नेमका हाच प्रश्न कुणीतरी विचारतं आणि कॉलर अडखळतो. घरी बसून तो प्रश्न आधीच सुटला की हॉलमध्ये जीभ अडत नाही. नुसता वाचण्यापुरता जरी हा संग्रह वापरत असाल, तरी आपल्या ठरलेल्या नाचांपैकी दोन-तीन स्वतः भरून बघा. कार्डात काय राहून गेलंय ते लगेच उघडं पडतं.

शोधाची रचनाही शिकवण्याच्या दृष्टीने मोलाची आहे. ‘हे असावं आणि ते नसावं’, ‘याच्यानंतर लगेच ते यावं’ अशा अटी एकमेकांत गुंफता येतात. ‘चेन, मग लगेच अर्धी वेणी’ अशी अट घातली की तेवढेच नाच समोर येतात. याचा उपयोग किती, ते पुढे वेणीपाशी येईलच.

तिसरी सोय शब्दांची. काँट्राडीबीत मूळ भूमिकांना जंटलस्पून आणि लेडल अशी गमतीदार नावं आहेत, पण ‘बोली’ नावाच्या सोयीत ती बदलून लार्क-रॉबिन करता येतात. आकृत्यांची नावंही तशीच बदलता येतात. एकदा बदल केला की सगळे नाच तुमच्या हॉलच्या भाषेत दिसतात. ही सोय वरवरची नाही. समोरच्याभोवती नजर न काढता फिरायच्या आकृतीला आता बऱ्याच ठिकाणी ‘उजव्या खांद्याने फेरी’ अशा अर्थाचं नाव आहे. जुन्या नावात कोणता खांदा ते नव्हतं, म्हणून कॉलरला ते वेगळं सांगावं लागे. नव्या नावात सूचना आपोआप येते. कार्डावर एक भाषा आणि तोंडात दुसरी असेल, तर ऐन मात्रेवर मनातल्या मनात भाषांतर करावं लागतं आणि पुकार उशिरा पडते.

इथवर दोन्ही संग्रह उत्तम. पण आकृती शिकवायची म्हटली की दोघांचंही बोट सुटतं. काही नाचांखाली टिपा असतात, सगळ्यांखाली नसतात, आणि ज्या असतात त्या बहुतेक अनुभवी माणसाला कळतील अशा. चार आकृत्यांवर हे नीट बघू.

पहिली, चौघांची वेणी, म्हणजे चौघांनी एकमेकांना खांद्याने ओलांडत नागमोडी जाणं. इंग्रजीत तिचं नाव ‘हे’. मराठी वाक्यात त्याने घोळ होतो, म्हणून इथे तिला वेणीच म्हटलं आहे. संग्रहातली नोंद साधारण अशी : पूर्ण वेणी, रॉबिन उजव्या खांद्याने सुरुवात, १६ मात्रा. नोंद बरोबर आहे, पण नव्या माणसाला यातून काहीच कळत नाही. त्याला लागतं ते असं. शेजाऱ्यासोबत एका बाजूला उभे आहात, साथीदार समोर आहे. पूर्ण वेणीत आठ ओलांडण्या, प्रत्येकी दोन मात्रांच्या. मधोमध नेहमी उजवा खांदा, कडेला नेहमी डावा. मध्ये आधी रॉबिन एकमेकींना ओलांडतात, मग लार्क, पुन्हा रॉबिन, पुन्हा लार्क. कडेला आधी साथीदार भेटतो, मग शेजारी, पुन्हा साथीदार, पुन्हा शेजारी. ‘कडेला : साथीदार, शेजारी, साथीदार, शेजारी’ ही ओळ कार्डावर ठळक लिहून ठेवा. वाट चुकलेल्या माणसाला ओळखीचा चेहरा सापडला की तो पुन्हा रुळावर येतो. मात्र नाचात वेणी वेगळ्या मांडणीतून सुरू होत असेल तर हा क्रम बदलतो. तेव्हा तो चार खुर्च्या किंवा चार नाणी मांडून आधी तपासा.

वेणी बिघडते ती ठरलेल्या तीन जागी. लार्क उभे राहून वाट बघतात. रॉबिनची ओलांडणी पूर्ण झाली की आपण निघायचं, असं त्यांना वाटतं. खरं तर रॉबिन त्यांच्या दिशेने बाहेर येत असतानाच त्यांनी आत निघायला हवं. म्हणून वॉक-थ्रूमध्ये ‘रॉबिन, मध्ये उजवा’ आणि ‘लार्क, आत या, डावा’ ही दोन वाक्यं मध्ये श्वास न घेता जोडून म्हणावीत. दुसरी जागा कडेच्या वळणाची. डाव्या खांद्याने बाहेर पडलेल्याला दोन मात्रा मोकळ्या मिळतात. त्या मात्रांत त्याने डावीकडून एक सैल वळसा घ्यायचा असतो. जागेवर गर्रकन वळला तर तो लवकर आत येतो आणि मध्ये दोघांऐवजी तिघं होतात. ‘भिंतीपर्यंत जाऊन या’ असं सांगितलं की वळसा आपोआप मोठा होतो. कोपर, अंश, इंग्रजी आठाचा आकार असलं काही समजावत बसू नये. वरून बघणाऱ्याला तो आकार दिसतो, आत चालणाऱ्याला कधीच दिसत नाही. तिसरी गफलत अर्धी की पूर्ण याची. अर्धी म्हणजे चार ओलांडण्या, शेवट समोरच्या बाजूला. पूर्ण म्हणजे निघालात तिथे परत. वॉक-थ्रू सुरू करण्याआधीच ‘समोर जायचंय’ किंवा ‘घरी परत यायचंय’ हे सांगून टाका.

एवढं करूनही सभागृहात दहा नवे असतील तर एक चौकडी मधोमध उभी करून दाखवा, बाकीच्यांना भोवती बोलवा, आणि तोंडाने फक्त खांदे पुकारा : उजवा, डावा, उजवा, डावा. प्रात्यक्षिक एकदाच. दोनदा दाखवलं की लोक पाहुणे होऊन बसतात.

आता ती ‘चेन, मग वेणी’ची अट. चेनमध्ये रॉबिन मधून पलीकडे जातात आणि समोरच्या लार्कच्या हाताने वळून पुन्हा आत तोंड करतात. ते वळण संपतं तेव्हा रॉबिनचा ओघ आधीच मध्याकडे असतो, म्हणून रॉबिनने सुरू होणारी वेणी चेननंतर जवळजवळ स्वतःहून घडते. नव्यांच्या गर्दीत पहिली वेणी शिकवायची तर असाच नाच घ्यावा. तो दोन मिनिटांत हुडकून देणं हे काँट्राडीबीचं काम, आणि ते तो फार चांगलं करतो.

दुसरी आकृती मॅड रॉबिन. नावातला रॉबिन आणि भूमिकेतला रॉबिन यांचा संबंध नाही, हे आधी बोलून टाकावं. नाहीतर निम्मे लार्क समजतात की आपलं काम नाही. शेजारी बाजूला आहे, साथीदार समोर. शेजाऱ्याभोवती डो-सी-डोसारखी (पाठीला पाठ करून एकमेकांभोवती जाण्यासारखी) फेरी घ्यायची, पण तोंड पूर्ण वेळ साथीदाराकडे ठेवून. संग्रहात ‘लार्क पुढून’ एवढं सापडतं. बहुतेक कॉलर त्यापुढे ‘डो-सी-डोच आहे, फक्त समोर बघत’ असं म्हणतात, आणि लोक सवयीने शेजाऱ्याकडे वळतात. ‘डो-सी-डो’ हा शब्द ऐकला की मान फिरते, म्हणून तो शब्द टाळलेला बरा. त्याऐवजी एक नियम सांगा : पुढे असाल तर उजवीकडे सरका, मागे असाल तर डावीकडे. लार्क डावीकडे आणि रॉबिन उजवीकडे उभे असतील, तर लार्क पुढून उजवीकडे निघतो आणि रॉबिन मागून डावीकडे. अर्ध्यावर अदलाबदल होते. लार्क मागून डावीकडे परततो, रॉबिन पुढून उजवीकडे. दोन्ही भूमिकांना तोच नियम, समोरच्या बाजूलाही तोच. यात एक सुंदर गोष्ट लपलेली आहे : साथीदार सबंध वेळ अगदी तुमच्या समोरच राहतो, कारण तुम्ही पुढून सरकता तेव्हा तो त्याच दिशेने मागून सरकत असतो. ‘साथीदार नजरेसमोरून हलला तर काहीतरी चुकलंय’ ही कसोटी हातात दिली की लोक स्वतःच दुरुस्त होतात.

तिसरी, रोरी ओ’मोरची गिरकी. लाटेसारख्या रांगेत एक आड एक उलट तोंड, हातात हात. उजवीकडे झोका, डावीकडे झोका, या ४ मात्रा. मग उजवीकडे गिरकी घेत एक जागा सरकायचं, या ४ मात्रा. नंतर हेच डावीकडे. घोटाळा होतो कारण गिरकी आणि सरकणं एकदम शिकवलं जातं. वॉक-थ्रूची पहिली खेप गिरकीविना चालवा : हात सोडा, उजवीकडे सरका, हात धरा. मग विचारा, डाव्या हातात कोण आहे? मघाशी उजव्या हातात जो होता, तोच आता डाव्या हातात यायला हवा. ते जमलं की गिरकी घाला, आणि ज्यांना चक्कर येते त्यांना स्पष्ट मुभा द्या की नुसतं सरकलं तरी चालेल. हात सोडायचाय हे मात्र मोठ्याने सांगा. न सोडलेल्या हाताने मनगट मुरगळू शकतं.

चौथी, काँट्रा कॉर्नर्स. जुनी आकृती, सहा माणसांची, आणि बाकीच्या चौघांकडे दुर्लक्ष झाल्यामुळे बिघडणारी. सक्रिय जोडीला, म्हणजे मधोमध फिरणाऱ्या जोडीला, क्रम द्यावा : साथीदार उजवा हात, पहिला कोपरा डावा, साथीदार उजवा, दुसरा कोपरा डावा. प्रत्येक वळण ४ मात्रांचं, मिळून १६. पहिला कोपरा म्हणजे तिरकं उजवीकडे समोर दिसणारी व्यक्ती, दुसरा तिरकं डावीकडे. दोघांकडे बोट दाखवून घ्यायला लावावं, आणि कोपऱ्यांनी हात वर करून ओळख द्यावी. मग कोपऱ्यांना एकच वाक्य : तुमच्याकडे कुणी आलं की डावा हात द्या, फिरवा, आणि जिथे होतात तिथेच थांबा. कोपरा मध्ये शिरला की आकृती संपलीच. दोन्ही संग्रहांत ही आकृती एका नावात आटोपते. नव्या कॉलरला तेवढ्यावर काही करता येणार नाही.

बॉक्स द नॅटसारख्या छोट्या आकृत्यांना फार शब्द लागत नाहीत. उजवा हात, रॉबिन हाताखालून, जागा बदला, आणि शेवटी तोंड एकमेकांकडेच. हा शेवटचा तुकडा विसरला की लोक बाहेर बघत उभे राहतात, कारण कॅलिफोर्निया ट्वर्ल या, तशाच हाताखालून जागा बदलायच्या आकृतीत दोघं एका दिशेला बघतात आणि त्या दोन आकृत्यांचा घोळ होतो.

आणखी एक गोष्ट कुठल्याच नोंदीत नसते, ती म्हणजे पुकारीची जागा. नोंदीत आकृती तिच्या मात्रेवर लिहिलेली असते. पुकार मात्र त्याआधी संपायला हवी, म्हणजे पाय समेवर पडतो. बी-१ च्या समेवर स्विंग, म्हणजे दोघांनी एकमेकांना धरून गरगर फिरणं, असेल, तर शब्द ए-२ च्या शेवटच्या चार मात्रांत बसवा. क्रम असा : कोण, कोणता हात, काय, किती. ‘रॉबिन, उजवा, अलमांड, दीड.’ ‘कोण’ शेवटी आलं तर सगळेच निघतात. वेणीत एकच पुकार पुरत नाही. सुरुवातीला एक, आणि लार्क मध्ये शिरण्याआधी एक. काँट्राडीबीतून छापलेल्या कागदाच्या डाव्या समासात पेन्सिलीने हे शब्द एक ओळ वर सरकवून लिहिले की डोळ्याला योग्य वेळी योग्य शब्द दिसतो. तीन-चार आवर्तनांनंतर आधी ‘किती’ गाळा, मग ‘हात’, शेवटी फक्त ‘कोण’ उरू द्या. पण दोन चौकड्या जरी भरकटल्या तरी लगेच पूर्ण पुकारीवर परत या.

नाच तपासताना रांगेची टोकंही बघा. रांगेच्या टोकाला पोचलेली जोडी एक आवर्तन बाहेर थांबते आणि तेवढ्यात जागा बदलून लार्क डावीकडे, रॉबिन उजवीकडे अशी उभी राहते. नाचात चौकडीबाहेरच्या कुणाशी देवाणघेवाण असेल, सावलीशी (चौकडीबाहेरच्या, पण नाचात पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या व्यक्तीशी) स्विंग किंवा तिरकी चेन असेल, तर टोकांना तिथे कुणीच सापडत नाही. संग्रहाच्या नोंदीत हे सहसा उलगडून दिलेलं नसतं. वॉक-थ्रूमध्ये एक वाक्य त्यांच्यासाठी राखून ठेवावं लागतं.

तेव्हा निवड अशी. हवा तो नाच नावाने किंवा रचनाकारावरून शोधायचा असेल, मूळ मांडणीची खात्री करायची असेल, तर द कॉलर्स बॉक्स आधी उघडा. विशिष्ट ओघाचा नाच हवा असेल, शब्द आपल्या हॉलचे हवे असतील, किंवा स्वतःचं कार्ड तपासून घ्यायचं असेल, तर काँट्राडीबी. नव्या कॉलरसाठी आमची पसंती दुसऱ्याला, कारण तो प्रत्येक आकृतीत ‘कोण, कोणता हात, किती’ विचारल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. दोन्हींसाठी पैसे लागत नाहीत. दोन्हींतून उतरवलेल्या कार्डावर मात्र प्रत्येक अवघड आकृतीखाली दोन ओळी मोकळ्या सोडा : एक ‘शेवटी कुठे, तोंड कुणाकडे’ यासाठी, दुसरी वॉक-थ्रूमध्ये लोक जिथे अडले ती जागा त्याच रात्री टिपण्यासाठी.